आठ पाळणे, एक दोरी

६ ऑक्टोबर, सोमवार

पस्तीस वर्षे कारखान्यात फिटर होतो, शिफ्टची वही लिहिली. मशीन कोणते, बिघाड काय, कारण काय, उपाय काय. निवृत्त होऊन सात महिने झाले आणि आज पुन्हा वही हातात आली. या वेळी मशीनच्या जागी एक मुलगी आहे, तेवढाच फरक.

झाले असे. इंदिरानगरात आमच्या सोसायटीच्या मागच्या गल्लीत ‘हातभार’ नावाच्या संस्थेचे ऑफिस आहे. खेड्यापाड्यांतली विशी-पंचविशीची मुले आपल्याच लोकांसाठी काही काम उभे करू बघतात, त्यांना ही संस्था वर्षभर मानधन देते आणि जोडीला एक अनुभवी माणूस देते. साधनाने तिथे माझे नाव परस्पर देऊन टाकले. मला म्हणाली, “घरातले सगळे नळ दोन-दोनदा खोलून झाले तुमचे. आता जरा बाहेरचं काहीतरी खोला.”

तिथे शुभांगी म्हणून बाई आहे. वय तिशीचे असेल, पण नजर हेडबाईंची. तिने फॉर्म दिला, त्यात माझ्या नावापुढे छापले होते ‘सोबती’. सोबती काय, सहलीला चाललोय का? मी ते खोडून ‘मार्गदर्शक’ लिहिले. तिने दुसरा फॉर्म दिला. तोही खोडला. शेवटी तिने तसाच फाइलला लावला.

वही तिनेच दिली. रोज नाही, जमेल तसे लिहायचे, कोणी वाचणार नाही, आणि खाली एक ओळ: आज कोणाचे आभार. फळ्यावरच्या सुविचाराचा प्रकार आहे. पण नियम तो नियम.

आभार: साधनाचे. (नळांवरून बोलली तरी.)

९ ऑक्टोबर, गुरुवार

ज्योत्स्ना भेटली. पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावरची, तेवीस वर्षांची, बी.ए. झालेली. बोलते हळू पण वाक्य पुरे करते. आजकाल पुरे वाक्य ऐकायला मिळत नाही.

तिचे म्हणणे असे. पाऊस सरला की पेठ-सुरगाण्याची माणसे टोळ्या करून दिंडोरीला द्राक्षबागांवर येतात, ती छाटणीपासून खुडा होईपर्यंत तिथेच राहतात. बायकांबरोबर तान्ही मुले असतात. वेलींच्या मांडवाच्या तारेला जुन्या लुगड्याची झोळी बांधायची, मूल तिच्यात ठेवायचे आणि राखायला सात-आठ वर्षांची बहीण बसवायची. बागेत औषधाची फवारणी तर सारखीच चालू. ट्रॅक्टर आला की ती पोर झोळी सोडते, बाळ उचलते आणि दुसऱ्या ओळीत पळते.

“माझी तिसरी आणि चौथी अशीच बागेत गेली, सर,” ती म्हणाली. “भावाला झोका देत. डोळे लय चुरचुरायचे.”

तिला फवाऱ्यापासून लांब, बागेच्या कडेला पाळणाघर काढायचे आहे. सांभाळणार तिची मावशी तानुबाई. बाळे तिच्याकडे राहिली की बहिणी शाळेत जातील, असा सगळा हिशेब. संस्थेची अट आहे: १२ जानेवारीला पाहणी, तोवर रोज किमान सहा मुले आली पाहिजेत, नाहीतर पाठबळ बंद. नाही आली तर काय, असे मी विचारले. ती म्हणाली, मग मीपण टोळीत, कात्री चालवता येते मला.

मला ही मुलगी आवडली. तिला जरा शिस्त लावली की झाले.

१५ ऑक्टोबर, बुधवार

दिंडोरीला जाऊन आलो. बागाईतदार दिनेशभाऊंचे बागेच्या टोकाला पत्र्याचे शेड आहे, क्रेट ठेवायचे. ते मागायला गेलो होतो. मी चांगले वीस मिनिटे बोललो, उत्पादकता, आरोग्य, सामाजिक जबाबदारी. ते चहा पीत ऐकत होते. शेवटी म्हणाले, “अहो, ताईंनी मागच्या आठवड्यातच सांगितलं सगळं. किल्ली त्यांच्याकडंच हाय.” तरी माझ्या बोलण्याने पक्के झाले असावे.

मग बाग बघितली. आशा नावाची एक तरुण आई छाटणी करत होती. तिचा साई पाच महिन्यांचा, झोळीत. त्याची सात वर्षांची बहीण छाया झोका देत उभी. तेवढ्यात शेजारच्या प्लॉटमध्ये फवारणीचा ब्लोअर सुरू झाला. आशा कात्री टाकून धावली, साईला उचलले आणि पळता पळता थांबून रिकाम्या झोळीला गाठ मारली, मगच पुढे गेली. सगळ्याच बायका तसे करतात, मूल उचलले की आधी गाठ. त्यात दोन-तीन सेकंद जातात. तिकडे औषधाचा फवारा येतोय आणि इकडे गाठी. वेळेचे भान नाही, दुसरे काय. साई बराच वेळ खोकत होता. ते ऐकून मला राग आला, कोणावर ते कळले नाही.

शेडचा सांगाडा हलका आहे. वरच्या पाइपाला दोन झोळ्यांच्या वर भार नको, असे दिनेशभाऊंनी बजावले. खाली ठेवावे तर मुंग्या, विंचू, कुत्री. म्हणजे जमिनीवर उभे राहणारे पाळणे हवेत. हे काम माझे. साधनाला फोन करून सांगितले की या दिवाळीत मी घरात दिसणार नाही. ती म्हणाली, “बरं.” फार दुःख झाल्यासारखे वाटले नाही.

आभार: दिनेशभाऊंच्या चहाचे. आले भरपूर होते.

२३ ऑक्टोबर, भाऊबीज

चार दिवस अंबडला एका जुन्या दोस्ताच्या वर्कशॉपमध्ये आहे. लक्ष्मीपूजनालाही हात काळेच होते. पण काय सुचले आहे!

तानुबाई एक, मुले आठ. आठ झोके ती कुठवर देणार? म्हणून एका लांब चौकटीत आठ पाळणे ओळीने आणि आठांना जोडणारा एकच दांडा. टोकाला दोरी. दोरी ओढली की आठही एकदम हलतात. बसल्या जागी, भाकरी थापता थापता ओढा. बेअरिंग असे बसवले आहेत की आवाज नाही.

ज्योत्स्नाला फोनवर समजावले. ती म्हणाली, “सर, वेगवेगळे नाही का करता येणार? ज्यात बाळ असेल तोच हलेल, असं?” मी तिला अर्धा तास दांड्याचा फायदा सांगितला. मग ती म्हणाली, बरं सर. समजून घेण्याची तयारी आहे मुलीची.

दोन बेअरिंग कमी पडत होते. आमच्या माळ्यावर जुना पाळणा आहे. १९९४ साली मीच टूलरूममध्ये जेवणाच्या सुट्टीत केलेला, शिसवी दांड्या, पितळी कड्या. त्यात कोणी झोपले नाही. सातव्या महिन्यातच सगळे संपले आणि पुढे पुन्हा काही झाले नाही. त्यावर आम्ही बोलत नाही. आज म्हणालो की तो मोडून बेअरिंग घेतो, कामाची वस्तू अशी पडून राहिलेली मला बघवत नाही. साधना म्हणाली, “नाही.” इतकेच. मग लाडू वळत बसली. बेअरिंग मी बाजारातून आणले.

९ नोव्हेंबर, रविवार

चौकट दिनेशभाऊंच्या पिकअपमधून शेडमध्ये गेली. हिरवा रंग दिला आहे. ज्योत्स्नाने शेड सारवून, धुऊन लख्ख केले आहे, दारात पाण्याचा माठ, आत चटया. जाताना मला विचारले, “दांडा नंतर बसवला तर चालेल, सर? आधी बाया सवय करतील.” म्हटले, अर्धवट मशीन दाखवू नये, माणसांचा विश्वास बसत नाही. ती पुन्हा म्हणाली, बरं सर.

आभार: ज्योत्स्नाचे. माझे ऐकते. घरात अशी सोय नाही.

१७ नोव्हेंबर, सोमवार

आज प्रात्यक्षिक. दुपारच्या भाकरीच्या सुट्टीत टोळीतल्या बारा-चौदा बाया शेडमध्ये आल्या, कडेवर मुले. ज्योत्स्नाने दोन शब्द सांगितले. मग मी दोरी ओढली.

आठच्या आठ पाळणे एका लयीत निघाले. आवाज शून्य. मी दोरी सोडून घड्याळ लावले. एका ओढीवर एक मिनिट चाळीस सेकंद हलत राहिले! एका म्हातारीने तोंडाला पदर लावला. आशाने साईला छातीशी धरले आणि ती दाराकडे सरकली, गर्दीमुळे असेल. तानुबाई पुढे आली आणि तिने पहिला पाळणा दोन्ही हातांनी धरून थांबवला. त्याबरोबर सगळे थांबले. थांबवायचे कसे, ते न सांगता तिला कळले. तानुबाईला मशीनची समज आहे.

जाताना कोणी काही बोलले नाही. चांगल्या गोष्टीने माणूस अवाक होतो.

आभार: माझ्या दोस्ताचे, वर्कशॉप दिले म्हणून. आणि या संस्थेचेही, खरे तर. साठाव्या वर्षी कोण कोणाला असे काम देते?

१९ नोव्हेंबर, बुधवार

एकही मूल नाही.

२४ नोव्हेंबर, सोमवार

बिघाड: आठवडा झाला, एकही मूल नाही.
कारण १: रंगाचा वास. उपाय: शेड उघडे ठेवले, कडुलिंबाचा धूर केला. फरक नाही.
कारण २: पाळण्यांचा पत्रा गार लागत असेल. उपाय: साधनाने जुन्या साड्यांच्या आठ दुपटी शिवून दिल्या. फरक नाही.
कारण ३: शेड लांब. पावले मोजली, सगळ्यात लांबच्या ओळीपासून दोनशे दहा. लांब नाही.
कारण ४: अज्ञान. उपाय: ज्योत्स्नाने समजावावे.

ज्योत्स्नाला हे चौथे कारण सांगितले तेव्हा ती खाली बघत राहिली.

२ डिसेंबर, मंगळवार

आज न कळवता गेलो. जायला नको होते, किंवा आधीच जायला हवे होते.

शेडच्या पाइपाला दोन झोळ्या बांधलेल्या. त्यात दोन मुले, एक साई. तानुबाई एका हाताने एका झोळीला, दुसऱ्या हाताने दुसरीला झोका देत होती. माझ्या पाळण्यांमध्ये भाकरीचे डबे, चपला, कोणाचा तरी स्वेटर. आणि सगळी चौकट लुगड्याच्या पट्टीने खांबाला करकचून बांधलेली, हलूच नये म्हणून.

मी बोललो. जे बोलायला नको ते बोललो. म्हणालो, एवढे बनवून दिले तरी तुला तुझ्याच बायांना समजावता येत नसेल तर तू हे कशाला काढलेस? एक्केचाळीस दिवस राहिलेत. टोळीत जा, कात्री चालव. तानुबाईने झोका थांबवला. ज्योत्स्ना म्हणाली, “चहा घ्या, सर.”

चहा न घेता निघालो. स्टँडवर दीड तास एसटी नव्हती. चहा घेतला असता तरी चालले असते.

आभार: कोणाचे नाहीत.

३ डिसेंबर, बुधवार

हे नीट लिहायचे आहे.

सकाळी साधना मेथी निवडत होती. मी कालचे गाऱ्हाणे सांगत होतो. म्हटले, आठही रिकामे पाळणे एका ओढीत एक मिनिट चाळीस सेकंद हलत राहिले, आणि या बायांना त्याचे काहीच नाही.

तिचा हात थांबला. “रिकामे?”

“मग काय, चाचणीला मूल कोण देणार?”

तिने काड्या बाजूला केल्या. मग म्हणाली, “तेव्हाही तुम्ही असंच करायचात. कामावरून आलात की आधी पाळण्याला झोका. आवाज येतो का, बघायला. तेल घालायचं, पुन्हा झोका. मी आत पडून ऐकायची.”

मला आठवले. रोज करायचो. पितळी कडीचा आवाज जात नव्हता.

विचारले, मग बोलली का नाहीस? म्हणाली, “काय बोलणार? तुम्ही इतके खूश असायचात.”

जे एकतीस वर्षांत विचारले नव्हते ते विचारले. म्हटले, तुला असे वाटते का, की मी तो रिकामा हलवला म्हणून...

“वेडे आहात का? डॉक्टरांनी सांगितलं होतं कशानं झालं ते. मला तेव्हाही कळत होतं.” मग एक काडी मोडत म्हणाली, “पण हॉस्पिटलातून घरी आले तेव्हा तुम्ही तो उतरवत होतात, माळ्यावर टाकायला. तुमच्या हातात तो हलत होता. कळतं हो सगळं. बघवत नाही.”

मी तिच्या समोर बसलो आणि मेथी निवडू लागलो. मला येत नाही, पाने-काड्या एक होतात. तिने त्या पुन्हा वेगळ्या केल्या. इतकी वर्षे मला वाटत होते की ती माझ्यावर रागावलेली आहे, म्हणून मी तो विषय काढत नव्हतो. ती समजत होती की मी विसरलो.

मग मला त्या गाठी आठवल्या. तिला सांगितले की तिथल्या बाया मूल उचलले की झोळीला गाठ मारतात, मागे फवारा असला तरी.

“म्हणजे तुम्हाला पहिल्याच दिवशी दिसलं होतं की.”

दिसले होते. वहीत लिहूनही ठेवले आहे. आत्ता मागची पाने उलटून बघितली, वेळेचे भान नाही, असे लिहिले आहे.

बिघाड: एकही मूल नाही. कारण: फिटर.

४ डिसेंबर, गुरुवार

पहिल्या गाडीने गेलो. ज्योत्स्ना माठ भरत होती. तानुबाईसमोरच म्हणालो, “चुकलं माझं.” कारखान्यात हे वाक्य मी साहेबालाही कधी म्हटले नव्हते. आधी चहा मागितला.

मग विचारले, मला सरळ सांगितले का नाही? ज्योत्स्ना म्हणाली की सांगायला बघितले होते, फोनवर एकदा आणि शेडमध्ये एकदा. खरे आहे. ‘बरं सर’ म्हणाली की मी खूश. पुढे म्हणाली, “तुम्ही दिवाळी सोडून बनवत होता, सर. आमच्यासाठी सण सोडून कोणी काही बनवलं नव्हतं. मला तोंडच उघडंना.”

तानुबाई झोळीतल्या साईकडे बघत बोलली, माझ्याकडे नाही.

“भाऊ, ह्या टोळीत अशी बाई नाय, जिची झोळी एकदा रिकामी झाली नाय. माझी दोनदा झाली. तुमी आठच्या आठ हालवले.”

त्यात रागही नव्हता. झाले ते सांगितले, बस. मी तिला म्हटले की आमचाही एक रिकामा राहिला आहे. तिने पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितले आणि कपात अजून थोडा चहा ओतला.

दहा दिवस मागून घेतले. दांडा कापायचा. आणि ज्योत्स्ना पहिल्यापासून म्हणत होती तेच करायचे: ज्यात बाळ तोच हलेल.

आभार: तानुबाईचे. दुसऱ्या कपाचे.

१० डिसेंबर, बुधवार

दांडा कापला. कापताना वाईट वाटले, खोटे कशाला लिहू. सरळ, सुरेख दांडा होता. दोस्त म्हणाला, ठेवून दे, कशाला तरी येईल.

पण नुसते सुटे करून भागत नाही. वाऱ्यानेही रिकामा पाळणा हलेल, पोरे धक्का देतील. बायका गाठ मारतात, तशी लोखंडाची गाठ हवी. म्हणून प्रत्येक पाळण्याखाली एक खिटी बसवतो आहे, स्प्रिंगवर. पाळणा रिकामा असला की खिटी वर चौकटीत अडकते, पाळणा जाम. आत वजन आले की तो बोटभर खाली बसतो, खिटी सुटते आणि पाळणा मोकळा होतो. बाळ उचलले की पुन्हा टक्.

ज्योत्स्ना आज स्वतः वर्कशॉपला आली. दीड महिन्याचे मूल केवढे भरते, सहा महिन्यांचे केवढे, पाड्यावरची मुले वजनाला कशी कमी असतात, सगळे वहीत लिहून आणलेले. माझ्या स्प्रिंग सहा किलोच्या होत्या. म्हणजे साईसुद्धा त्यात जाम झाला असता. तिने दाखवले म्हणून कळले. सगळ्या बदलल्या.

१३ डिसेंबर, शनिवार

दोन खिट्या घरी आणून गॅलरीत तपासत होतो. वजनाला पिठाचे डबे वापरले, ते लवंडले. साधनाने आतून वरवंटा आणून दिला. “हा ठेवा. बारशाला पाळण्यात बाळाच्या आधी ह्याचाच मान असतो.” तिने तो दुपट्यात गुंडाळून, टोपडे घातल्यासारखा बांधून दिला होता. अडीच किलो भरला. खिटी अलगद सुटली.

मग म्हणाली की सोमवारी मीपण येते. मी म्हटले, एसटीला गर्दी असते. ती म्हणाली, “मी तुम्हाला विचारलं नाही, सांगितलं.”

आभार: वरवंट्याचे.

१५ डिसेंबर, सोमवार

भाकरीची सुट्टी. या वेळी बाया आल्या त्या तानुबाईने बोलावले म्हणून. दारातच थबकल्या. मी कोपऱ्यात उभा राहिलो, दोरीही नव्हती, बोलणेही नव्हते. ज्योत्स्नानेच सांगितले.

तानुबाईने पहिल्या पाळण्याला हाताने ढकलले. नाही हलला. दुसऱ्याला जोर लावला. तिसऱ्याला कंबरेने धक्का दिला, चौकट करकरली पण पाळणा जागचा हलला नाही. शेवटपर्यंत गेली, आठही बघितले. मग बायांकडे वळून म्हणाली, “नाय हालत.”

आशा पुढे आली. तिने साईला आत ठेवले, हात काढायला तिला वेळ लागला. खाली टक् झाले आणि पाळणा सुटला. साई वरच्या पत्र्याकडे बघत राहिला. तिने एक झोका दिला. मग घाईने त्याला उचलले, पुन्हा टक्, पाळणा जाम. तिने हाताने ढकलून खात्री केली. पुन्हा ठेवले. असे तीनदा केले. मागच्या बाया हसल्या, तशी तीही हसली, आणि चौथ्यांदा ठेवून कात्री घेऊन बागेत गेली.

पहिल्या दिवशी तीन मुले राहिली. साधना दिवसभर तानुबाईजवळ बसली होती. दोघी काय बोलल्या ते मला माहीत नाही. एसटीत विचारले तर खिडकीबाहेर बघत म्हणाली, “बायकांचं.”

एक गोष्ट पाहिली. बाळ उचलल्यावर खिटी लागली तरी बाया वरच्या दुपट्याला गाठ मारतातच. माझ्या डिझाइनप्रमाणे तिची गरज नाही. राहू दे.

आभार: आशाचे.

१२ जानेवारी, सोमवार

पाहणी झाली. शुभांगी आणि संस्थेचे दोन जण आले. मुले सात, शिवाय दोघे झोळीत, कारण त्यांना पाळणा आवडत नाही. ज्योत्स्नाने सगळे सांगितले: फवाऱ्याच्या दिवशी शेडची कोणती बाजू बंद, दूध कधी, बहिणींपैकी पाच जणींची नावे दिंडोरीच्या शाळेत घातली, छायाला एक ते वीस पाढे येतात. ते पाढे छायाने म्हणून दाखवले, तेरावर अडकली, ज्योत्स्नाने पुढे ढकलले. शेजारच्या टोळीचा मुकादम झिपरू बाहेर उभा होता, त्याला त्याच्या बागेवर असेच हवे आहे.

पाठबळ पुढे चालू. ज्योत्स्नाने हे ऐकून मान हलवली आणि रडणाऱ्या एकाला बघायला निघून गेली. मला वाटले होते तिला आनंद होईल. मग बघितले तर त्या बाळाला खांद्यावर घेऊन भिंतीकडे तोंड करून ती डोळे पुसत होती. कात्रीची तिला फार भीती होती, आत्ता कळले. माझ्यासमोर एकदाही दाखवली नाही. आणि मी तिला कात्री चालव म्हणालो होतो.

मला बोलायला सांगितले तेव्हा म्हटले, यंत्र मी बनवले, पण ते कसे असावे हे मला माहीत नव्हते.

शुभांगीने पुढच्या वर्षाचा फॉर्म पुढे केला. माझ्या नावापुढे छापलेले ‘सोबती’. पेन काढले. ती बघत होती. सही केली आणि पेन खिशात ठेवले.

१४ जानेवारी, संक्रांत

काल माळ्यावरून पाळणा काढला. मी वर चढलो, साधनाने खालून धरला. एकतीस वर्षांची धूळ. खाली खिटी बसवली, म्हणजे आता तोही रिकामा हलत नाही. दांड्या पुसल्या, पितळ चिंचेने घासले.

आज दिनेशभाऊंच्या पिकअपमधून तो शेडमध्ये नेला. साधनाने सगळ्यांना तिळगूळ दिला, तानुबाईला वाण दिले. टोळीत कालच एक बाई परत आली आहे, सव्वा महिन्याची मुलगी घेऊन. लोखंडी पाळण्यांत आज जागा नव्हती. साधनाने तिच्याकडे हात पुढे केले. त्या आईने मुलगी दिली.

साधनाने तिला आत ठेवले. टक्. झोका दिला.

पाळणा कुरकुरला. पितळी कडी, तोच आवाज, १९९४ चा. मी तेलाची बाटली पिशवीत आणलीच होती, बूच काढून पुढे झालो.

“राहू द्या,” साधना म्हणाली. “येऊ दे आवाज.”

ती झोका देत राहिली, मुलगी झोपेपर्यंत आणि झोपल्यावरही. मी बाटलीला बूच लावून शेजारी चटईवर बसलो आणि ऐकत राहिलो.

आभार: साधनाचे. (नळांवरून बोलली म्हणून.)